चावडीच्या भिंतीवरचं पाणी

चावडीची भिंत मी रंगवून घेतली, ही माझी चूक. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता कागदावर ते किती किरकोळ दिसतंय! भिंत रंगवणं हा काय गुन्हा आहे? गावोगावचे सरपंच भिंती रंगवतात, सुविचार लिहून घेतात, पुढं उभं राहून फोटो काढतात. पण आमच्या चावडीच्या त्या भिंतीवर पाणी होतं. होऊन गेलेल्या वर्षांचं, गेरूच्या रेघांमध्ये वाळून राहिलेलं पाणी. त्याच्यावर मी फिकट निळा ऑइलपेंट मारला.

म्हातारा पाऊस सुरू झाला की ती भिंत मला आठवते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, असं आमच्याकडं म्हणतात. तरणा उड्या मारत येतो, भिजवतो, पळून जातो. म्हातारा येतो तो मुक्कामालाच. घाई नाही, गडगडाट नाही. दिवसचे दिवस एका सुरात उसाच्या पानांवर, कौलांवर, गोठ्याच्या पत्र्यावर बोलत राहतो. शेणी नीट पेटत नाहीत, भाकरीला धुराचा वास लागतो, दोरीवरचे कपडे ओलेच अंगावर चढतात. म्हशींच्या अंगातून वाफ निघते. आणि गावात एकच प्रश्न फिरत राहतो, "कुठवर आलंय?"

काय आलंय, ते कुणी विचारत नाही.

यंदाही म्हातारा आलाय. सकाळी छत्री घेऊन घाटावर गेलो. पंचगंगा तांबडी झालीय. कडेला फेस, त्यात उसाचा पाला, एखादं चप्पल, कुणाच्या तरी परसातला भोपळ्याचा वेल मुळासकट. पायऱ्यांवर नेहमीची मंडळी पाणी बघत उभी होती. आमच्या भागात 'पाणी बघायला जाणं' हे एक कामच आहे. जेवण झालं की माणसं जशी पान खायला बाहेर पडतात, तशी ती पाणी बघायला बाहेर पडतात. वर शहरात पुलाच्या कमानीला पाणी लागलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणतात. ते पाणी मग आमच्याकडं येतं आणि आमच्याकडून खाली नृसिंहवाडीला जातं. तिथं ते दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि लोक त्या पाण्यात आनंदानं अंघोळ करतात. म्हणजे पुराला भ्यायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. पूर आम्हाला पाहुण्यासारखा. चार दिवस राहणार, ओटी भरली की जाणार.

ओटी भरायचा मान सरपंचाच्या बायकोचा. पाणी चढायचं थांबलं की बायका खण-नारळ घेऊन नदीकडं निघायच्या. लहान पूर घाटाच्या पायऱ्यांवरच मोजले जायचे. पण एखाद्या वर्षी पाणी गावात शिरून चावडीला लागलं, तर उतरायच्या आधी तिथं गेरूनं रेघ मारायची, अशी रीत होती. वर साल लिहायचं. भिंतीवर अशा कितीतरी रेघा होत्या. सगळ्यांत वरची माझ्या आजोबांच्या काळातली, उभ्या माणसाच्या छातीला लागणारी. आम्ही पोरं त्या रेघांना पाठ लावून आपली उंची मोजायचो. "ह्या सालच्या पाण्यातनं मी वर आलो," असं ओरडायचो. ज्या दिवशी माझी हनुवटी आजोबांच्या रेघेवर आली, त्या दिवशी आपण आता बुडत नाही असं वाटून मी घरी पळत गेलो होतो.

नव्वदच्या दशकात माझी पिढी पंचायतीत आली. ऊस, दूधसंस्था, तालीम आणि निवडणूक ही आमची चार धामं. ती वर्षं पाण्यानंही आम्हाला सोपी गेली. पूर यायचे, पण घाटावर टेकून परत जायचे. चावडीच्या भिंतीला कित्येक वर्षांत पाणी लागलं नव्हतं. मी सरपंच झालो तेव्हा रेघा फिकट झाल्या होत्या आणि पोरांनी त्यांच्यामध्ये बदाम, बाण, पैलवानांची नावं लिहून ठेवली होती.

मग ग्रामस्वच्छतेचं वारं आलं. काय दिवस होते ते! गावच्या गाव झाडू घेऊन रस्त्यावर. आम्ही उकिरडे हलवले, गटारं बांधली, दारापुढं तुळशी लावल्या. तपासणीची समिती यायची होती आणि चावडी अगदी वेशीतून आत येताच डोळ्यांत भरणारी. मी रंगाऱ्याला सांगितलं, "सगळी घासून काढ आणि निळी कर."

तो घासत असताना अक्काताई कांबळे आल्या. आमच्या गावच्या बौद्ध वाड्यातून बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्य. राखीव जागेवरच्या काही बायकांच्या जागी नवरेच मीटिंगला येऊन बसायचे. अक्काताईंचा नवरा एकदाच आला, आणि त्यांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी निवडून आलाय का मी आलोय?" आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो'च म्हणतात. त्यांच्या तोंडी ते विशेष शोभायचं.

"सरपंच, रेघा पुसल्या की हो!" त्या म्हणाल्या.

"पाहुणे येणार अक्काताई. भिंतीवर असलं लाल-लाल काय चांगलं दिसतंय?"

"लाल कुठलं? पाणी हाय ते."

"पाणी नदीत असतंय," मी म्हणालो. "आणि नदी काय रेघ वाचून वर चढती व्हय?"

सगळे हसले. अक्काताईही हसल्या. मला बोलायला येतं, याचा त्या काळात मला फार अभिमान होता. भिंतीवर सुविचार आला, गावाला बक्षीस मिळालं. हार घातलेला माझा फोटो पंचायतीत लागला. त्यात माझ्यामागं ती निळी भिंत आहे.

बक्षिसापाठोपाठ अभ्यासदौरा आला. जिल्ह्यातल्या आम्हा काही सरपंचांना बसमध्ये घालून गगनबावड्याच्या घाटानं कोकणात नेलं. कार्यक्रमाचं नाव होतं 'हवामान बदल आणि स्थानिक स्वराज्य'. आम्ही त्याला 'मासे खायचा दौरा' म्हणत होतो. एका शाळेत आम्हाला बसवलं. तरुण साहेब पडद्यावर चित्रं दाखवत सांगू लागला, की समुद्र वर येतोय, पावसाची तऱ्हा बदलतेय, जो पाऊस महिनाभर पडायचा तो थोडक्या दिवसांत ओतला जाईल, त्याचा विचार करून वस्त्या, रस्ते, शाळा कुठं बांधायच्या ते ठरवायला हवं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "साहेब, समुद्र गगनबावड्याचा घाट चढून आमच्याकडं येणार हाय काय?"

वर्ग फुटला हसून. ओरडणारा मीच होतो.

दुपारी तिथल्या सरपंचांनी आम्हाला किनारा दाखवला. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. बारीक माणूस, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाण्यात माडांचे काळे बुंधे उभे होते, शेंडे नसलेले. भाऊ म्हणाले, "थंय आमची वाडी होती. दर्यो पुढे इलो."

"मग काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"धुपीचो बंधारो मागतलंय. दुसरा काय?" लाटांनी किनारा धुपू नये म्हणून घातलेली मोठमोठ्या दगडांची एक रांग त्यांनी दाखवली. तिच्या दोन्ही टोकांना वाळू खचली होती. "हय बांधलो, तर दर्यो थंयसून आत इलो. खरा म्हणजे खालची घरा वर सड्यावर नेवक होयी. माका समजता ता. पण बंधारो मागलो तर मता मिळतत. घरा मागे नेतंय म्हटलंय, तर लोक माकाच मागे नेतले!"

आम्ही सगळे पुन्हा हसलो, कारण तो आमच्याच घरातला विनोद होता. कुठल्याही गावच्या सरपंचाला तो कळला असता. भिंतीचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, दगडावर नाव बसतं. जे घर बुडलंच नाही, त्याचं उद्घाटन कसं करायचं? आमच्या डोळ्यांना पाच वर्षांपलीकडचं दिसत नाही असं शहरातले लोक म्हणतात. मला वाटतं, आम्हाला दिसतं. भाऊंना स्वच्छ दिसत होतं. दिसलेलं लोकांना सांगायची छाती होत नाही, एवढंच.

घाट चढून परत येताना सुरमई पोटात होती, भेंड्या चालू होत्या, आणि माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं की आपणही नदीकाठाला एक संरक्षक भिंत मागायची. मागितली. मिळाली. तिच्यावर माझं नाव आहे. ते माड बघून मी शिकलो ते एवढंच.

त्यानंतर घरकुलं मंजूर झाली. बौद्ध वाड्यातली घरं पांढऱ्या मातीची, दर पावसाळ्यात एखादी भिंत बसायची. नव्या घरांसाठी गावाकडं दोन जागा होत्या. एक गावामागचा माळ, उंच, खडकाळ, वाऱ्याचा. दुसरा ओढ्यालगतचा खालचा पट्टा. अक्काताई माळ मागत होत्या, आणि माळावर कुस्त्यांचं मैदान करायचं मी तालमीतल्या पोरांना कबूल केलं होतं.

"सरपंच, माळ द्या आमास्नी. आमच्या माणसांनी लई पाणी उपसलंय आजवर."

"मैदान ठरलंय तिथं, अक्काताई. पोरं ऐकायची न्हाईत."

"पोरांनी मातीत कुस्ती खेळायची आणि आमी पाण्यासंगं व्हय?"

मी त्यांना बाजूला घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की जागेवरून वाद झाला तर घरकुलं दुसऱ्या गावाला जातील. ते तितकंसं खरं नव्हतं. आणि म्हणालो, "अलीकडं चावडीला तरी पाणी लागलंय का कधी? मी आहे ना."  त्यांच्या वाड्यातल्या लोकांना पक्क्या घरांची घाई होती. आणि खरं सांगायचं, तर त्यांनाही पुढं पंचायत समितीला उभं राहायचं होतं, घरकुलं आणली म्हणून नाव हवं होतं. त्याही राजकारणातल्याच होत्या. मीटिंगमध्ये त्यांनी खालच्या पट्ट्यासाठी हात वर केला.

जागा बघायला तालुक्याचे साहेब आले. पायात गमबूट घालून ते पट्ट्यात उभे राहिले आणि म्हणाले, "काय सरपंच, इथं पुराचं पाणी येतं का?"

"ओढ्याची जरा ओल असती साहेब. पूर न्हाई."

चावडी त्या पट्ट्यापेक्षा उंचावर आहे. साहेब येताना चावडीवर चहा पिऊन आले होते, त्या भिंतीला पाठ टेकून. आजोबांची रेघ तिथं असती, तर त्यांच्या छातीला लागली असती. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता आणि मला असं उत्तर देता आलं नसतं. पण पाठीमागं निळा रंग होता.

दोन हजार पाचचा म्हातारा पाऊस आमच्या पिढीनं पाहिलेल्या पावसांतला नव्हता. तो ओतत होता. कोकणातल्या शाळेतला तो साहेब म्हणाला होता, अगदी तसा. गाव माझ्या संरक्षक भिंतीवर उभं राहून नदीकडं बघत होतं. भिंत चांगली टिकली. कौतुक चाललं होतं. आणि पाणी आमच्या पाठीमागून आलं. नदीनं ओढ्याला मागं ढकललं, ओढा फुगला आणि आवाज न करता पट्ट्यातल्या घरकुलांत शिरला. समोर बघत असलेल्या माणसाला मागून कुणी हळूच हात लावावा, तसं. मी वळलो तेव्हा कुणीतरी ओरडत होतं, "आरं, वाड्यात पाणी! वाड्यात पाणी!"

पुढचं सगळं तुकड्यांनीच आठवतं. राखाडी उजेड. उसाचा रस उकळायच्या मोठ्या काहिलीची नाव करून पोरं म्हाताऱ्यांना आणतायत. विहारातली बुद्धाची पितळी मूर्ती पटक्यात बांधून डोक्यावर घेतलेला एक माणूस, कमरेइतक्या पाण्यात, तोल सांभाळत, अगदी सावकाश. एका बाईनं छातीशी धरलेलं शिलाई मशीन. कोंबड्या पत्र्यावर. दोरी सोडल्यावरही गोठ्यातून हलायला तयार नसलेली म्हैस. चुलीवरचं पिठलं तसंच टाकून सगळे माळावर गेले, मैदानाच्या कडेला कुस्त्यांसाठी बांधलेल्या शेडमध्ये. माणसं वाचली. घरं पडली नाहीत, पण आठवडाभर पाण्यात राहिली, आणि पाणी उतरल्यावर त्यांच्या भिंतींना बोट लावलं तर माती हातात यायची.

पाणी चावडीच्या भिंतीवर बरंच वर गेलं होतं. लोक विचारत होते, आजोबांच्या पाण्याच्या वर गेलं की खाली राहिलं? कुणी म्हणे वर, कुणी म्हणे, "छे, तवा यापेक्षा जास्त हुतं, असं पाणी नेहमीच येतंय." कुणालाच सांगता येईना. पाऊस बदललाय का, नदी बदललीय का, हे विचारायला आमच्या गावाकडं एकच जागा होती. ती मी पुसली होती.

शेडमध्ये आम्ही भात-आमटी वाढत होतो. पंगतीत एक बाई अक्काताईंवर एकदम कडाडली. "अक्के, तूच हात वर केलावतास की! घरं आणली म्हणून मिरवत हुतीस. बघ आता, कुठं आणून बुडीवलंस!" दुसरी म्हणाली, "हिला तिकीट पायजे हुतं. आमाला काय, मासं केलं हिनं."  अक्काताईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. 'आता तुम्ही बोला' एवढंच त्या बघण्यात होतं. शेडमध्ये बायकांच्या पाठीमागं पाऊस दिसत होता. माझ्या हातात पातेलं होतं.

मी म्हणालो, "अजून कुणाला भात?"

त्या पुरातल्या माझ्या कामाची वाहवा झाली. पुढच्या निवडणुकीत मी परत सरपंच झालो. अक्काताई मात्र पडल्या, त्यांच्याच वाड्यानं त्यांना मतं दिली नाहीत.

चूक कळण्याचा एक क्षण असतो असं लोक म्हणतात. मला तसा क्षण आठवत नाही. माझी चूक म्हाताऱ्या पावसासारखी आली आणि बसली. जेवताना, उसाला पाणी पाजताना, पंचायतीत त्या हाराच्या फोटोखाली सह्या करताना ती बोलत राहायची. मी स्वतःला सांगायचो, पाणी रेघेच्या वर गेलं असेल तर रेघ असून काय उपयोग झाला असता? हे समाधान काही दिवस टिकायचं. मग कुणी तरी वाटेत अक्काताईंना टोमणा मारायचं, आणि ते गळून पडायचं.

निकालानंतर काही महिन्यांनी अक्काताईच पंचायतीत आल्या. सदस्य नव्हत्या, तरी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

"सरपंच, आता तरी माळ द्या."

"अक्काताई, मैदान..."

"मैदान मला सांगू नगासा. चला माझ्यासंगं तालमीत."

तालमीचे वस्ताद म्हणजे कान मोडलेला, मोजकं बोलणारा माणूस. मला वाटलं होतं आता भांडण होणार. पैलवान भिंतीला टेकून ऐकत उभे होते. वस्तादांनी सगळं ऐकलं, मग अंगाची माती झाडत म्हणाले, "घर बुडल्यालं माणूस कुस्ती बघाय येतंय व्हय? घ्या माळ. आमी खालच्या पट्ट्यात खेळतो. पाणी आलं तर काय, आखाडा वला हुईल. वाळला की परत खेळू."

इतकं सोपं होतं ते. मी ज्या पोरांच्या भीतीनं एका वाड्याला ओढ्यात बसवलं, त्या पोरांना कुणी नीट विचारलंच नव्हतं.

सोपं म्हणजे लगेच झालं असं नाही. पुन्हा मोजणी, पुन्हा मंजुरी, पाण्याची पाइपलाइन, तिला लागणाऱ्या शेताच्या कडेवरून रुसवेफुगवे. अक्काताई प्रत्येक वेळी पुढं. एकदा तालुक्याचा नवा साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही आता कोण आहात?" त्या म्हणाल्या, "मी बुडल्याली हाय साहेब. तेवढं पुरं हाय न्हवं?" माळावरची घरं उभी राहिली. जोती उंच, अंगणाला उतार. खालच्या पट्ट्यात आखाडा झाला. पुराआधी गुरं कधी हलवायची, धान्य कुठं ठेवायचं, काहिली कुणी सोडायच्या, हे आता आमच्याकडं पावसाआधीच्या ग्रामसभेत ठरतं. पलीकडच्या गावांचे सरपंच बघायला येतात. एकानं परवा विचारलं, "खर्च कसा बसवलासा?" दुसऱ्यानं हळूच विचारलं, "लोक कसं हलले हो?" तो दुसरा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. कोकणातल्या भाऊंची आठवण झाली. त्यांचीही घरं आता वरच्या कातळावर, सड्यावर गेली असतील, असं मला वाटतं. का कोण जाणे, पण वाटतं.

लोकांनी ह्या सगळ्याचं श्रेय मला दिलं. आणखी एक हार गळ्यात पडला.

यंदाच्या ग्रामसभेत अक्काताईंनीच विषय काढला, की चावडीची भिंत मोकळी करायची आणि दोन हजार पाचच्या पाण्याची रेघ मारायची. तालमीतल्या पोरांनी ऑइलपेंट खरवडला. त्याच्याबरोबर गिलावाही निघाला. जुन्या रेघांतलं काहीच हाती लागलं नाही. मग गावातले म्हातारे भिंतीपुढं येऊन भांडायला लागले. एकानं छातीवर हात ठेवला, "हितं हुतं." दुसरा म्हणाला, "तू तवा केवढा हुतास रं? तुझी छाती हुती का गुडघा?" माणसं पोट धरून हसत होती. शेवटी आजोबांच्या पाण्याचा नाद सोडला आणि सगळ्यांनी स्वतः बघितलेल्या पाण्याची जागा ठरली. ज्याला योग्य वाटेल त्यानं हात वर करायचा होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अक्काताई, यंदा तरी नीट बघून हात वर करा!"

हशा झाला. खेळीमेळीचाच होता तो. अक्काताईही हसल्या. पण त्यांचा अर्धा वर गेलेला हात त्यांनी पदराखाली घेतला. तो हात खाली जाताना मी बघितला.

मी उठून उभा राहिलो. मला बोलायला येतं हा माझा जुना गर्व, पण त्या दिवशी शब्द एकमेकांना धरून येईनात. मी सांगितलं, की रेघा मी पुसायला लावल्या. माळ अक्काताईंनी मागितला होता, मी दिला नाही. घरकुलं जातील अशी खोटी भीती मी घातली. साहेबांनी विचारलं तेव्हा इथं पूर येत नाही असं मी सांगितलं. आणि शेडमध्ये यांना बोल लागत होते तेव्हा मी तिथंच होतो. सगळं मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही.

 वस्ताद जमिनीकडं बघत होते. शेडमध्ये कडाडलेली ती बाई अक्काताईंच्या शेजारीच बसली होती. तिनं काही न बोलता त्यांच्या पदराखालचा हात शोधून धरला.

अक्काताई म्हणाल्या, "ह्यास्नी सांगितलंसा, ते बरं केलंसा. उशीर केलासा, पण बरं केलंसा." मग गेरूची वाटी उचलून त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "आता मला काय सांगायचं ते ऱ्हायलंय की सरपंच."

मी हात जोडले.

"अक्काताई, माझी चूक तुम्ही इतकी वर्षं अंगावर वागवलीत. मी बघत राहिलो. मला माफ करा."